फुगवटा : शून्य

टेबलावर होतं ते असं : सर्किट बोर्ड चार, अॅल्युमिनियमचा पत्रा एक, पितळी नळ्या चार, स्क्रू अठ्ठावीस, चपटे सेल दोन, आणि डाव्या सेलच्या चंदेरी पाठीवर खड्डे चार. उजव्या सेलवरही चार. बाकीच्या वस्तू जितक्या हव्यात तितक्याच होत्या. खड्डा एकही नको होता.

मिलीनं भिंग घेतलं. खड्डे टाचणीच्या डोक्याएवढे, जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल. सेलभोवतीची पातळ पिशवी फाटली नव्हती, पण बोथट सुई दाबून उचलावी तसा प्रत्येक ठसा स्पष्ट होता. सेलच्या वर जो बोर्ड बसतो, त्याच्या पोटाला सोल्डरची टोकं होती. तिनं बोर्ड सेलवर धरून पाहिला. टोकं खड्ड्यांत जाऊन अशी बसली, जणू घरचीच.

टोकं तिथं पोचायलाच नको होती. बोर्ड पत्र्यापासून बरोबर दहा मिलिमीटर वर, पितळी नळ्यांवर उभा. सेलची जाडी ६.१. टोकं बोर्डाखाली १.९ उतरलेली. मधे उरतात दोन मिलिमीटर, नुसती हवा. ते दोन मिलिमीटर मिलीनंच आखले होते.

उपग्रह उघडला होता तो अँटेनाची एक तार सैल वाटली म्हणून. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, दोन्ही तळहातांवर मावेल एवढा. पुढच्या महिन्यात तो प्रक्षेपण करणाऱ्यांच्या ताब्यात द्यायचा होता. मोठ्या उपग्रहांच्या बाजूला उरलेल्या फटीत त्याला जागा मिळाली होती, आणि तिथली एक अट फार कडक होती : तुमच्या बॅटरीनं शेजाऱ्याला इजा होता कामा नये. सोल्डरचं टोक पिशवीतून आत गेलं तर सेल पेटू शकतो. त्या अटीसाठीचा चाचणी-अहवाल मिलीनं लिहिला होता. सहीही तिचीच.

मिली हे क्लबातलं नाव, मिलीव्होल्टमधली मिली. पहिल्याच रविवारी कुणीतरी "बॅटरी साधारण चार व्होल्ट आहे" म्हणालं, तेव्हा तिनं "साधारण म्हणजे किती मिलीव्होल्ट?" असं विचारलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तेव्हा नुकतीच बाहेर पडली होती, आणि 'साधारण' ह्या शब्दाशी तिचं वैर होतं.

हौशी रेडिओवाल्यांचा हा क्लब डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या माडीवर भरायचा. खाली दात निघायचे, वर उपग्रह जोडला जायचा, आणि जिन्यात लवंगेच्या तेलाचा आणि सोल्डरचा वास एकमेकांत मिसळायचा. बाई क्लबाच्या अध्यक्ष. कवळ्यांचे साचे ओतताना त्यातले बुडबुडे काढायला त्यांच्याकडे एक निर्वात पेटी होती : जाड पोलादी भांडं, वर काचेचं झाकण, शेजारी हवा खेचणारा पंप. तीच पेटी उपग्रहाच्या कामी आली होती. "तोंड उघडा, हवा जाऊ द्या," असं म्हणत बाई प्रत्येक वेळी तिचं झाकण उचलायच्या.

सेल कोणते घ्यायचे ह्यावर तिथं बरीच खडाजंगी झाली होती. एका बाजूला मिली, दुसऱ्या बाजूला तिचा सख्खा मामा.

मामा म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, गोल पोटाचा आणि त्याहून गोल गोष्टी सांगणारा माणूस. मिलीला रेडिओचं वेड त्यानंच लावलं होतं. क्लबात आणलंही त्यानंच. त्यानं छप्पन्न निकेल-कॅडमियम सेल जमवले, पुन्हा पुन्हा भरले, रिकामे केले, थंड करून पाहिले, आणि धान्यातले खडे काढावेत तसे पन्नास बाजूला काढून सहा ठेवले. ते सहा रुमालावर मांडून तो बैठकीत बसला होता.

"तीनशे बारा ग्रॅम," मिलीनं तराजूवरचा आकडा वाचला. "मामा, अख्ख्या उपग्रहाला तेराशे तीस ग्रॅमची मर्यादा आहे. त्यातला चौथा हिस्सा तुझ्या सहा पैलवानांना?"

"पैलवान आहेत म्हणून तर घ्यायचे. वर दर दीड तासाला एकदा ऊन, एकदा सावली. दिवसाला सोळा वेळा भरायचं, सोळा वेळा उपसायचं. त्यात गारठा. हे गडी कुरकुर करत नाहीत. तुझ्या त्या लिथियमच्या पिशव्या वर गेल्या की फुगतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"म्हणतात."

"मी मोजलंय." आणि तिनं तक्ता भिंतीवर लावला. लिथियम-पॉलिमर, चपटे सेल दोन, वजन शहात्तर ग्रॅम. उपग्रहात बसवून अख्खा दिवस निर्वात पेटीत. आधीची जाडी ६.१ मिलिमीटर. नंतरची जाडी, बोर्ड न काढता कडेनं मोजलेली, ६.१ मिलिमीटर. फुगवटा : शून्य.

मामानं चष्मा कपाळावर नेला. "आधी मोजलंस, नंतर मोजलंस. आणि मधे?"

"मधे झाकण लावलेलं असतं, मामा. झाकण उघडून मोजलं तर त्याला निर्वात म्हणत नाहीत."

हशा पिकला. तेवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण हशा चढतो. ती पुढं म्हणाली, "आणि फुगायला ते सेल म्हणजे काय तू आहेस?"

कुणीतरी टाळी दिली, "घ्या! भाचीनं मामाचाच मामा केला!" सगळ्यांत जास्त वेळ मामाच हसला. मग त्यानं रुमालाला गाठ मारली, सहाही सेल पिशवीत ठेवले, आणि पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. "मामा फुगून बसलाय," लोक म्हणायचे. मिलीही म्हणायची.

तर आता खड्डे.

ती खाली वाकून पाहत असताना चाळीस वॉट वर आला. ह्या माणसाचा कानाच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा गाळा होता, आणि उपग्रहातला प्रत्येक सांधा त्याच्या चाळीस वॉटच्या कैयानं, सोल्डर वितळवणाऱ्या तापल्या सळीनं, जोडला होता. सोल्डरिंगला तो जुन्या कारागिरांसारखा डाग देणं म्हणायचा. "जगाला ऐकू यावं म्हणून दिवसभर डाग देतो, पण घरी आलं की ह्यांनाच काही ऐकू येत नाही," असं त्याची बायको म्हणायची.

"वॉटदादा, हे बघा," मिली म्हणाली. "बोर्ड बसवताना तुम्ही दाबलात का?"

त्यानं भिंगातून बघितलं. "अगं बाई."

"दाबलात ना?"

"आठवत नाही. त्या दिवशी मधला कनेक्टर बसत नव्हता, तेव्हा जरा अंगठा दिला होता..."

"जरा?" त्या शब्दाचाही तिला राग होता. "सेल आहे तो, दरवाजा नाही, अंगठा द्यायला! हे टोक आत गेलं असतं तर काय झालं असतं, कल्पना आहे? माझी सही आहे त्या अहवालावर."

चाळीस वॉटनं आपला उजवा अंगठा उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. "असेल. माझाच हात जड आहे. नेहमी म्हणतात." मग तो खाली जाऊन डॉक्टरीणबाईंना स्वतःच सांगून आला, की माझ्याकडून सेल चेपले गेलेत. जाताना त्यानं कैया पुसून खोक्यात ठेवला. एरवी तो टेबलावरच सोडून जायचा.

मिलीला त्या घडीला बरं वाटलं. चूक सापडली होती, आणि ती दुसऱ्याच्या अंगठ्यात होती.

नवे सेल मागवायचे, पुन्हा जोडायचं, एवढंच. तिनं सुटे भाग डब्यांत भरायला घेतले. चौथी पितळी नळी हातात आली तेव्हा सवयीनं तिनं व्हर्नियर लावला. दहा पूर्णांक शून्य. तिसरी, दहा पूर्णांक शून्य. ती थांबली.

अंगठा कितीही जड असो, पितळ दाबून आखूड होत नाही. बोर्ड नळ्यांवर टेकला की टेकला, त्याच्या खाली एक केसही सरकत नाही. आणि मधोमध वाकवला असता तर सोल्डरचा एखादा तरी सांधा तडकला असता, दोन्ही सेलांवर आठच्या आठ खड्डे सारखे पडले नसते. टोकं खाली आलीच नव्हती. म्हणजे सेल वर गेले होते. दोन मिलिमीटर हवा ओलांडून, अर्धा मिलिमीटर आणखी. आणि मग गुमान खाली येऊन ६.१ वर बसले होते.

कधी, हे तिला विचारावं लागलं नाही.

ज्या हवेत आपण वावरतो ती ह्या पिशवीला चारी बाजूंनी दाबून सपाट ठेवते. पेटीतली हवा काढली की दाब जातो, आतला चिमूटभर वायू हातपाय पसरतो, पिशवी फुगते. हवा परत सोडली की पुन्हा चापून बसते. मिलीनं ती आत घालण्याआधी मोजली आणि बाहेर काढल्यावर मोजली. माणसाचं पोट जेवणाआधी मोजावं, जेवण पचल्यावर मोजावं, आणि हा जेवतच नाही असं लिहून द्यावं, तसं ते माप होतं. खाली सही करून.

'आणि मधे?' मामानं विचारलं होतं.

तिचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं तरी तिनं सेल हातानं झाकले.

चाळीस वॉटच्या गाळ्यात एका वेळी दीड माणूस मावायचा. दुसऱ्या दिवशी मिली दारातच उभी राहिली. समोर एक म्हातारबाबा कानातलं यंत्र तपासून घेत होते, त्यांचं होईपर्यंत तिला थांबावं लागलं. "ऐकू येतंय?" चाळीस वॉट ओरडत होता. "फार येतंय," म्हातारबाबा म्हणाले, "आता सुनेला सांगू नका." ते हसत गेले. मग गाळ्यात एकदम शांत झालं.

"वॉटदादा, खड्डे तुमच्यामुळे नाही पडले."

तिनं सगळं सांगितलं : नळ्या, दोन मिलिमीटर, पेटी, व्हर्नियर. तिला वाटलं होतं तो हसेल, म्हणेल, सुटलो बुवा. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर हत्यारांच्या ओळीत ठेवला, आणि ओळ सरळ केली.

"काल घरी सांगितलं मी," तो म्हणाला. "पोरींना. की बाबाच्या हातून उपग्रहाची बॅटरी चेपली. धाकटी म्हणाली, मग आता तुम्हाला जोडू देणार नाहीत का? म्हटलं, बहुतेक नाही."

"मी येऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

मिलीनं दाराची चौकट धरली.

"मी डाग देणारा माणूस," चाळीस वॉट म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आयुष्यभर तेच केलं. पण मला कुणी डाग दिला नव्हता. आणि तू विचारलंस, तेव्हा मलाच वाटलं, एवढी शिकलेली पोरगी म्हणतेय म्हणजे दाबलंच असेल. माझं मलाच खरं वाटेना. हे मला लागलंय, मिली. खड्ड्याचं नाही."

"चुकलं माझं."

"हो." त्यानं पुढचं यंत्र उघडायला घेतलं. थोड्या वेळानं, मान वर न करता, "रविवारी येईन. पण आता जा. मला दिसत नाही तू दारात उभी राहिलीस की."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई हात धुऊन वर आल्या, मिलीचं सगळं ऐकून घेऊन खुर्चीत बसल्या. त्या तिला रागावल्या नाहीत, त्यामुळे तिला बसावं की उभं राहावं कळेना.

"हे तुझं गणित झालं," बाई म्हणाल्या. "पटतंय. पण गणितावर मी प्रक्षेपणवाल्यांना कळवणार नाही. एक अहवाल न बघता पाठवला, दुसरा नाही पाठवणार. पेटीत ठेवून, बंद झाकणाखाली मोज. सगळ्यांसमोर. फुगवटा दोन मिलिमीटरच्या आत असेल तर खड्ड्यांचं दुसरं कारण शोधू. वर गेला तर हे सेल गेले."

"त्यांच्या जागी पोलादी डबीतले लिथियम सेल घेता येतील. बोटाएवढे, दोन. ब्याण्णव ग्रॅम. पोलाद फुगत नाही. पण ते जाड आहेत, अठरा मिलिमीटर. सगळी मांडणी बदलावी लागेल, सगळ्या चाचण्या पुन्हा."

"म्हणजे ह्या फेरीतली आपली जागा गेली."

"हो."

"पुढची फेरी कधी, ते कुणालाच माहीत नाही."

"हो."

बाईंनी उसासा टाकला. "दाढ काढायचीच असली, तर दुखतंय म्हणून शेजारची काढून चालत नाही. मोजायचं कशानं पण? झाकण लावलं की तुझा व्हर्नियर बाहेर."

मोजायचं कशानं, ते मिलीला माहीत होतं. टेकवून ठेवला की सुई फिरवून शतांश मिलिमीटर दाखवणारा डायल गेज. काचेतून वाचता येईल असा, मोठ्या तबकडीचा. तसा तिनं आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो मामाच्या कपाटात होता.

दार मामीनं उघडलं. "ये. आत आहे तुझा मामा. बोलेल की नाही मला विचारू नकोस. माझ्याशीही हल्ली मोर्समध्येच बोलतो. एक हूं म्हणजे चहा, दोन हूं म्हणजे नको."

मामा रेडिओसमोर पाठ करून बसला होता. कानावर हेडफोन, पण संचाचा दिवा बंद होता.

"मामा, मी चुकले."

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कशात? नक्की सांग. नाहीतर गोंधळ व्हायचा."

तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होती तरी सोपं झालं नव्हतं. मामाचा चेहरा हळूहळू खुलत गेला, आणि तो खुलणं लपवायचा प्रयत्न करत होता हे तिला दिसत होतं.

"म्हणजे मधे मोजलंच नव्हतंस."

"नाही."

"मी विचारलं होतं."

"हो."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू काय म्हणालीस?"

मामी चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"काय म्हणालीस? मला नीट आठवत नाही," मामा म्हणाला. त्याला अक्षरन् अक्षर आठवत होतं.

"मधे झाकण लावलेलं असतं, मामा. उघडून मोजलं तर त्याला निर्वात म्हणत नाहीत."

"आणि त्याच्या पुढचं?"

तिनं तोंड उघडलं. ते वाक्य त्या माडीवर किती हलकं होतं. इथं, ह्या खोलीत, जिथं तिनं लहानपणी त्याच्या मांडीवर बसून पहिल्यांदा दूरदेशीची टिकटिक ऐकली होती, ते जिभेवरून हलेना.

"पुरे," मामी म्हणाली. "पोरगी आलीय ना चालत. तू गेला असतास?"

मामा एकदम उठला. कपाटाशी गेला. परत आला तेव्हा हातात तोच रुमाल होता, तीच गाठ. "महिन्याच्या महिन्याला भरून ठेवतोय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पूर्वीसारखा गोल झाला होता. "सहाच्या सहा. एकाचाही दम कमी झालेला नाही. उद्यासुद्धा बसवता येतील. मला ठाऊक होतं, हे होणार. मामीला विचार, म्हटलं होतं मी." आणि तो गाठ सोडू लागला.

मिलीनं त्या गाठीकडे पाहिलं. हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, उपग्रह सोडून.

"मामा, हे नाही घेता येणार."

त्याचे हात थांबले.

"तीनशे बारा ग्रॅमच आहेत ते अजून. आपण मर्यादेच्या बाहेर जातो. त्यासाठी ट्रान्समीटर काढावा लागेल. मग वर पाठवायचं काय, नुसती बॅटरी?" शेवटचं वाक्य निसटलं. तिनं जीभ चावली. "तुझा प्रश्न बरोबर होता. सेल बरोबर नाहीत. दोन्ही खरं आहे."

मामानं रुमालाची टोकं पुन्हा जुळवली. "तू माफी मागायला आलीस," तो म्हणाला, "की पुन्हा वजन करायला?"

"माफी मागायला. आणि..." तिनं कपाटाकडे पाहिलं. "आणि तुझा डायल गेज मागायला."

मामी फसकन हसली आणि कप सांडता सांडता राहिले. मामा हसला नाही. त्यानं रुमालाची गाठ पुन्हा, पहिल्यापेक्षा घट्ट मारली.

"गेज मिळणार नाही."

"मामा..."

"गेज मी घेऊन येईन. मी लावेन. आकडाही मी वाचेन. तू वाचलेला आकडा मला आता चालायचा नाही."

तिनं मान हलवली. चहा न पिता कसं निघावं कळेना, म्हणून ती बसली आणि गरम चहा घाईघाईनं प्यायली. जीभ भाजली.

रविवारी माडी भरली होती. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं, आणि सगळे फार सभ्य वागत होते. ते सगळ्यांत वाईट होतं. चाळीस वॉट खिडकीशी उभा होता. कैयाचं खोकं त्यानं आणलं होतं, पण उघडलं नव्हतं.

मिली पुढं आली. तिनं ठरवलं होतं तसं सांगितलं : खड्डे जोडणीमुळे पडलेले नाहीत, वॉटदादांचा त्यात काही दोष नाही, मी तसं म्हणाले ते न तपासता म्हणाले. माझ्या चाचणीत जाडी निर्वातात मोजलेलीच नव्हती. मामांनी ते बैठकीत विचारलं होतं, आणि मी उत्तर न देता त्यांची चेष्टा केली. पाठ केलेलं असल्यामुळे ते फार लवकर संपलं. कुणीतरी खोकलं.

"मग मामाचा मामा..." मागून एकानं सुरुवात केली.

"तोंड बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी क्वचित वापरते."

मामा जिन्याच्या तोंडाशी होता. लाकडी पेटी छातीशी धरून तो टेबलाजवळ आला, मिलीकडे न बघता. खड्ड्यांचा सेल त्यानं घेतला नाही, न वापरलेला, त्याच खेपेतला एक घेतला. पोलादी भांड्यात पत्रा ठेवला, त्यावर सेल, सेलच्या मधोमध गेजचं टोक अलगद टेकवलं, आणि तबकडी काचेकडे वळवली. टोक दोनदा घसरलं, त्यानं ते पुन्हा टेकवलं. मिलीला पुढं होऊन धरावंसं वाटलं. ती जागची हलली नाही.

"झाकण," मामा म्हणाला.

बाईंनी झाकण ठेवलं. "तोंड..." म्हणता म्हणता त्या थांबल्या, आणि नुसतंच पंपाचं बटण दाबलं.

पंप धडधडू लागला. मिली खडू घेऊन फळ्याशी उभी होती. तिथून तिला तबकडी दिसत नव्हती, आणि दिसू नये म्हणूनच मामानं ती तशी वळवली होती. तिला एवढंच दिसत होतं : काचेवर वाकलेली मामाची मान, आणि त्याच्या शेजारी, न बोलावता येऊन उभा राहिलेला चाळीस वॉट, हातात टॉर्च घेऊन आतमध्ये उजेड पाडणारा.

तिला उत्तर माहीत होतं. नळ्यांनी ते आधीच सांगितलं होतं. आणि तरीही, ह्याचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली, तिला मनातून दोनच्या आतला आकडा हवा होता. एक पूर्णांक नऊ. एक पूर्णांक नऊ आला तर निदान उपग्रह जाईल, आणि फळ्यावर लिहायचा आकडा लहान असेल. मामा डोळे बारीक करून वाचायचा. त्याची नजर अधू झाली आहे, चुकलाही असता. तिनं तेही मनात आणलं, आणि खडू इतका दाबून धरला की तो मोडला.

"हलली," चाळीस वॉट म्हणाला.

"मला दिसतंय," मामा म्हणाला.

पंपाचा आवाज हळूहळू बारीक झाला. खोलीत कुणी जागा बदलत नव्हतं. मामा वाकला तो वाकलाच राहिला. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाकला.

"मामा, किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थांबा. सुई अजून चालतेय. थांबल्याशिवाय मी सांगणार नाही." थोड्या वेळानं तो म्हणाला, "वॉट, तू वाच. मोठ्यानं नको. माझ्या कानात सांग."

चाळीस वॉटनं वाचलं आणि मामाच्या कानाशी काही म्हणाला. मामानं मान हलवली. दोघांचं एक आलं होतं.

मामा पहिल्यांदाच मिलीकडे वळला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. त्यानं आकडा सांगितला, तिनं तो फळ्यावर लिहिला. मग बाईंनी झडप उघडली, हवा सूं करत आत शिरली, आणि मामानं पुन्हा वाकून दुसरा आकडा सांगितला. तिनं तोही लिहिला.

पेटीत ठेवण्याआधी, ६.१ मिलिमीटर. निर्वातात, ८.७ मिलिमीटर. हवा परत सोडल्यावर, ६.१ मिलिमीटर.